जुन्या ग्राफिक्स कार्डावरचा बारीक घटक निखळला तर: पुन्हा पुन्हा होणाऱ्या या बिघाडाचे निवारण

संगणकाची साफसफाई करून ग्राफिक्स कार्ड पुन्हा बसवले आणि त्यानंतर पडद्यावर काही उमटेनासे झाले, ही तक्रार मुंबईत पावसाळा सरताना आणि दिवाळीच्या आवराआवरीत नेहमी ऐकू येते. इथल्या दमट, खाऱ्या हवेत कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर धरतो, म्हणून कार्ड उपसून त्या पट्ट्या खोडरबरने घासण्याची सवय अनेकांना आहे. ही घासाघीस करताना, स्लॉटची खिट्टी दाबताना स्क्रूड्रायव्हर निसटून, किंवा अरुंद कॅबिनेटमधून कार्ड तिरके ओढताना त्याची पाठ पत्र्याला घासून, तिळाहून लहान असा एखादा घटक जागचा निखळतो. वॉरंटी कधीच संपलेली असते, त्यामुळे असे कार्ड बहुधा भंगारात जाते. यांपैकी बरीच कार्डे वाचवता येतात, असे मी ठामपणे सांगेन. मात्र सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी निखळलेल्या भागाचे काम काय होते, हे ठरवावे लागते. जुन्या कार्डांचे सर्किट आराखडे सहसा हाती लागत नाहीत, तरीही हे ठरवता येते, कारण ग्राफिक्स कार्डावर एकच मांडणी अनेक वेळा आलेली असते. डेटाच्या सोळा लेन (वाहतुकीच्या समांतर वाटा) एकसारख्या असतात, प्रत्येक मेमरी चिपभोवतीची रचना दुसरीसारखीच असते आणि वीजपुरवठ्याचे टप्पेही एकमेकांची नक्कल असतात. निखळलेल्या भागाचा जोडीदार त्याच कार्डावर शाबूत असतो आणि हरवलेल्या भागाचे मूल्य तोच सांगतो.

वीज देण्यापूर्वी

पडदा काळा राहिला की कार्ड काढून पुन्हा बसवण्याचा, दुसऱ्या संगणकात लावून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. धक्का लागलेला सिरॅमिक कॅपॅसिटर (वीज साठवणारा बारीक घटक) वरून अखंड दिसत असला तरी आतून तडकलेला असू शकतो, आणि तडकलेल्या कॅपॅसिटरचे आतले थर एकमेकांना चिकटले की तो शॉर्ट होतो, म्हणजे विजेला थेट वाट देतो. १२ व्होल्टच्या मार्गावर असे झाले तर कॅपॅसिटर जळतोच, शिवाय त्याच्या खालचा तांब्याचा ट्रॅकही (वीज वाहून नेणारी रेघ) जातो. याखेरीज निखळलेला भाग कुठे पडला हेही महत्त्वाचे आहे. त्याची दोन्ही टोके धातूची असल्याने तो मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये किंवा एखाद्या चिपच्या पायांमध्ये अडकला, तर मदरबोर्डचेही नुकसान होते. म्हणून वीजपुरवठ्याची वायर काढावी, कॅबिनेट आडवे ठेवून टॉर्चचा प्रकाश तिरका टाकावा आणि तो भाग शोधून चिकटपट्टीवर लावून ठेवावा. तडकलेला असल्यास तो पुन्हा बसवू नये, पण त्याचा आकार तरी मोजता येतो. ०४०२ या मापाचा भाग १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो, तर ०६०३ मापाचा १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो.

यानंतर भिंग घ्यावे. दहापट भिंगाखाली रिकामी जागा नीट पाहिली की दुरुस्ती सोपी आहे की अवघड, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. दोन्ही पॅडवर, म्हणजे घटक ज्यांना सोल्डरने जोडलेला असतो त्या धातूच्या ठिपक्यांवर, सोल्डरचा करडा, दाणेदार, तुटल्यासारखा पृष्ठभाग दिसत असेल तर सोल्डरचा जोड तुटला आहे आणि पॅड शाबूत आहे. सोल्डरमध्ये रुतलेला पांढुरका किंवा तपकिरी तुकडा दिसत असेल तर घटक स्वतः मोडला आहे आणि त्याचे धातूचे टोक मागे राहिले आहे. ते वितळवून काढावे लागेल. पॅडच्या जागी चमक अजिबात नसून फायबरची पिवळसर जाळी उघडी पडली असेल तर पॅडच उखडले आहे, आणि अशा वेळी त्या पॅडला येणारा ट्रॅक कुठून येत होता ते शोधणे आले. शेजारच्या भागांवरही नजर फिरवावी. स्क्रूड्रायव्हर निसटला असेल तर तो क्वचितच एका ठिकाणी थांबतो. हिरव्या किंवा काळ्या मास्कवर (बोर्डावरच्या रंगीत लेपावर) ओरखड्याची रेघ असतेच, आणि त्या रेघेच्या वाटेवरचा प्रत्येक भाग चिमट्याच्या टोकाने अलगद ढकलून पाहावा.

हरवलेला भाग कोणता होता?

जागा पाहून बराच बोध होतो. सोनेरी पट्ट्यांच्या लगेच वर, जोडीजोडीने एका ओळीत बसवलेले लहान कॅपॅसिटर हे कार्डाकडून मदरबोर्डकडे जाणाऱ्या डेटाच्या वाटेवर असतात. सोळा लेनच्या कार्डावर प्रत्येक लेनला दोन या हिशेबाने ते ३२ असतात, म्हणून ओळ मोजली की कमी काय आहे ते कळते. खोडरबराचे सर्वाधिक बळी हेच. पीसीआय एक्सप्रेस या कार्ड-मदरबोर्ड जोडणीच्या मानकाच्या पहिल्या दोन पिढ्यांत इथे बहुधा १०० नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर असतात. तिसऱ्या पिढीच्या मानकात १७६ ते २६५ नॅनोफॅरड ही मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात २२० नॅनोफॅरडचे बसवतात.

या ओळीतला भाग गेल्यावर कार्ड बंद पडेलच असे नाही, आणि याच कारणाने हा बिघाड लपून राहतो. ब्रॅकेटकडून (कॅबिनेटच्या मागे बसणाऱ्या कार्डाच्या पत्र्याकडून) मोजता पहिली, म्हणजे शून्य क्रमांकाची लेन गेली तर कार्ड सहसा ओळखलेच जात नाही. आठव्या किंवा त्यापुढच्या क्रमांकाची लेन गेली तर जोडणी सोळाऐवजी आठ लेनवर येते. चार ते सात यांतली गेली तर चारवर येते. चित्र उमटते, संगणक चालतो, पण रुंदी कमी झालेली असते. जोडीतला एकच कॅपॅसिटर गेला असेल तर कधीकधी लेन तुटत नाही, पण त्यावर चुका होत राहतात आणि मधूनच कार्ड गायब होते. ‘ड्रायव्हरचा घोळ’ समजून विंडोज पुन्हा पुन्हा टाकणाऱ्यांनी ही ओळ एकदा मोजून पाहावी.

मुख्य चिपच्या मागच्या बाजूला दाटीने बसवलेले तपकिरी कॅपॅसिटर वीज स्थिर ठेवण्यासाठी असतात. ते अनेक एकमेकांना समांतर असल्यामुळे त्यांतला एखादा स्वच्छ निघून गेला तर कार्ड बहुधा चालते, पण पूर्ण भाराखाली अडखळण्याची शक्यता वाढते. माझ्या मते इथे पॅड चांगले असेल तर नवा भाग बसवावा, आणि पॅड उखडले असेल तर मुख्य चिपच्या पाठीवर उष्णता देत खटाटोप करण्यापेक्षा जागा स्वच्छ करून, शॉर्ट नाही याची खात्री करून ती तशीच सोडावी.

रेझिस्टरची, म्हणजे वीजप्रवाहाला रोध करणाऱ्या घटकाची, गोष्ट वेगळी आहे. तो सहसा एकटा असतो आणि त्याच्यावाचून काम अडते. बायॉस चिपच्या (कार्डाचा मूळ प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपच्या) आसपासचे काही रेझिस्टर ‘स्ट्रॅप’ म्हणून काम करतात, म्हणजे कार्डाची ओळख आणि मेमरीचा प्रकार त्यांवरून ठरतो. त्यांतला एक गेला तर कार्ड भलत्याच नावाने दिसते किंवा ड्रायव्हर ते स्वीकारत नाही. काळ्या पाठीवर ‘१०३’ असे छापले असेल तर तो १० किलोओहमचा, ‘४७२’ असेल तर ४.७ किलोओहमचा असतो. ‘आर००५’ असे लिहिलेला जाड रेझिस्टर ५ मिलिओहमचा असून वीजप्रवाह मोजण्यासाठी १२ व्होल्टच्या मार्गात असतो. तो निघाला तर पुढे वीजच जात नाही. ०४०२ मापाच्या रेझिस्टरवर मात्र बहुधा काहीच छापलेले नसते. एनव्हिडियाच्या कार्डांवर २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (कामाचा ठेका देणारा घटक) असतो, त्याला फटका बसला तर कार्ड पूर्ण मुके होते.

मोजमाप

जोडीदार सापडला की मल्टिमीटर लावावा, पण वाचन समजून घ्यावे. सर्किटमध्ये असलेला रेझिस्टर मोजताना त्याला समांतर वाटा असू शकतात, म्हणून मिळणारा आकडा खऱ्या मूल्याएवढा किंवा त्याहून कमी असतो. वीज स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर जागेवर मोजण्यात अर्थच नाही, कारण त्या मार्गावरच्या सगळ्यांची बेरीज दिसते. तिथे एक जोडीदार काढून सुटा मोजावा आणि परत लावावा. सोनेरी पट्ट्यांवरच्या कॅपॅसिटरचे तसे नाही. कार्ड स्लॉटबाहेर असताना त्यांचे एक टोक मोकळेच असते, त्यामुळे ते जागेवरही बऱ्यापैकी अचूक मोजता येतात. याच ओळीत लेनची तपासणी मीटरच्या डायोड मोडवर करायची असेल तर लाल टोक ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या सामाईक बिंदूला) आणि काळे टोक कॅपॅसिटरच्या चिपकडच्या बाजूला लावावे. सोनेरी पट्टीवरच काळे टोक ठेवले तर कॅपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो म्हणून मीटर खुले सर्किट दाखवतो, आणि ते पाहून चांगली लेन मेली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चिपकडच्या बाजूला मिळणारे आकडे सर्व लेनवर जवळपास सारखे आले पाहिजेत. एकच वेगळा आला तर बिघाड कॅपॅसिटरच्या पलीकडे, चिपमध्ये किंवा ट्रॅकमध्ये आहे.

१२ व्होल्टचा मार्ग तपासण्यासाठी ब्रॅकेटकडच्या आखूड भागातील, चिपच्या बाजूच्या पहिल्या तीन पट्ट्या आणि चौथी ग्राउंडची पट्टी घ्यावी. येथे सहसा किलोओहममध्ये वाचन येते. ते शून्याजवळ असेल तर कार्डाला वीज देऊ नये. मुख्य चिपला वीज देणाऱ्या इंडक्टरवर (वेटोळ्याच्या घटकावर) मात्र उलट अनुभव येतो. मोठ्या चिपचा स्वतःचाच रोध एक ओहमच्या आतबाहेर असतो, म्हणून मीटर ‘बीप’ करतो आणि नवखा माणूस चिप गेली असे समजून कार्ड टाकून देतो. बीपवर विसंबू नये. ओहमचा आकडा वाचावा आणि त्यातून मीटरच्या वायरींचा रोध वजा करावा. आणखी एक तपासणी चुकवू नये, ती म्हणजे १२ व्होल्टचा मार्ग आणि इंडक्टर यांच्यामधील रोध. वरच्या बाजूचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट झाला असेल तर १२ व्होल्ट थेट मुख्य चिपवर येतात, आणि सुमारे एक व्होल्टवर चालणारी चिप त्यातून वाचत नाही.

शॉर्ट आहे पण कुठे आहे ते कळत नसेल तर प्रवाहमर्यादा असलेल्या पॉवर सप्लायने त्या मार्गावर १ व्होल्ट सोडावा आणि कार्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्यावा. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचा द्रव सर्वांत आधी उडून जातो. त्या मार्गाच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज कधीही सोडू नये.

बदली भाग आणि सोल्डरिंग

भाग मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे) भाग मिळतात, मात्र मागताना माप, मूल्य, डायलेक्ट्रिक (आतल्या सिरॅमिकचा प्रकार) आणि व्होल्टेज हे चारही सांगावे, उदाहरणार्थ ‘०४०२, २२४, एक्स७आर, १६ व्होल्ट’. २२४ म्हणजे २२० नॅनोफॅरड. सिरॅमिक कॅपॅसिटरवर काहीही छापलेले नसते, म्हणून पुडीवर तिथेच लिहून घ्यावे. १२ व्होल्टच्या मार्गासाठी २५ व्होल्टचा कॅपॅसिटर घ्यावा, कारण सिरॅमिक कॅपॅसिटरची धारकता व्होल्टेज वाढल्यावर घटते आणि १६ व्होल्टचा तिथे काठावर काम करतो. दुसरा मार्ग म्हणजे त्याच पिढीचे मेलेले कार्ड. मला हा मार्ग जास्त पसंत आहे. माप आणि मूल्य दोन्ही जुळते, आणि हात बसवायला सरावाचा बोर्डही मिळतो.

विद्युत उपकरणांतील शिशासारख्या घातक पदार्थांवरचे युरोपातील रोह्स निर्बंध १ जुलै २००६ रोजी लागू झाले आणि त्यानंतरच्या कार्डांवर बहुतेक शिसेविरहित सोल्डर असते. ते २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, तर ६३/३७ प्रमाणाचे शिशाचे सोल्डर १८३ अंशांवर. फरक फार वाटत नाही, पण कार्डाच्या आत तांब्याचे अनेक थर असतात आणि ग्राउंडला जोडलेले पॅड सगळी उष्णता ओढून घेते. तापमान न धरणाऱ्या २५ वॉटच्या साध्या आयर्नने तिथे तासभर घासत बसले की सोल्डर वितळत नाही आणि पॅड मात्र सुटते. तापमान नियंत्रित करणारे स्टेशन घ्यावे, टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावे आणि बोर्ड खालून १०० अंशांच्या आसपास आधीच तापवून घ्यावा. जुन्या सोल्डरमध्ये थोडे शिशाचे सोल्डर मिसळले की ते कमी तापमानाला हलते. मग तांब्याच्या विकने (सोल्डर शोषणाऱ्या वेणीने) ते उचलून पॅड सपाट करावे. एका पॅडवर नवे सोल्डर किंचित ठेवावे, चिमट्याने भाग त्याच्याशी भिडवून ते टोक चिकटवावे, आणि मग दुसरे टोक भरावे. आयर्नचे टोक पॅड आणि सोल्डरला लागावे, कॅपॅसिटरच्या सिरॅमिक अंगाला लागू नये, कारण अचानक तापल्याने तो नवा असूनही तडकतो.

फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचे द्रव्य, इलेक्ट्रॉनिक्ससाठी बनवलेलाच असावा. नळदुरुस्तीसाठी विकली जाणारी आम्लयुक्त पेस्ट वापरल्यास जोड सुंदर दिसतो आणि काही महिन्यांत ट्रॅक हिरवा पडतो. मुंबईच्या हवेत तर उरलेला फ्लक्स ओलावा धरून ठेवतो, म्हणून काम झाल्यावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने जागा धुऊन घ्यावी, आणि बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. औषधाच्या दुकानातले पातळ स्पिरिट या कामाला योग्य नाही, त्यात पाणी असते.

पॅड उखडले असल्यास ट्रॅकवरचा मास्क धारदार पात्याने खरवडून तांबे उघडे करावे, इनॅमल केलेली ०.१ मिलिमीटरची तार त्यावर सोल्डर करून दुसरे टोक घटकाला जोडावे, आणि वरून यूव्ही मास्क लावून प्रकाशाने घट्ट करावा. वीज किंवा साध्या नियंत्रणाच्या ट्रॅकसाठी हे उत्तम चालते. मेमरी आणि चिप यांच्यामधील नागमोडी ट्रॅक तुटला असेल तर तार शक्य तितकी आखूड आणि मूळ वाटेवरूनच न्यावी, कारण त्या वळणांनी लांबी मुद्दाम जुळवलेली असते. सैल तारेने चित्रात ठिपके आणि पट्टे येतात.

एक उदाहरण

डोंबिवलीच्या एका विद्यार्थ्याचे जीटीएक्स ७५० टीआय मी अलीकडे पाहिले. २०१४ साली आलेले हे कार्ड ६० वॉटमध्ये चालते आणि मूळ रचनेत त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिसच्या संगणकांत ते आजही दिसते. तक्रार अशी होती की साफसफाईनंतर चित्र येते, पण कार्ड मधूनच नाहीसे होते. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडणीची रुंदी सोळाऐवजी चार दिसत होती, आणि या एका आकड्याने शोध चार लेनपुरता आणून ठेवला. भिंगाखाली सहाव्या जोडीतला एक कॅपॅसिटर नव्हता आणि दुसरा एका टोकावर उभा राहिल्यासारखा उचलला गेला होता. हात लावताच हलत होता. पॅड चारही शाबूत होते. शेजारच्या जोडीवर २२० नॅनोफॅरडच्या जवळचे वाचन आले. त्याच पिढीच्या मेलेल्या कार्डावरून दोन काढले, सुटे मोजले आणि बसवले. उचललेला कॅपॅसिटर वरून चांगला दिसत होता, तरी तोही बदलला, कारण एकदा वाकवला गेलेला सिरॅमिक कॅपॅसिटर पुन्हा भरवशाचा राहत नाही, आणि त्याची किंमत पुन्हा बोर्ड उघडण्याच्या श्रमांपुढे काहीच नाही.

दुरुस्तीनंतर

सर्व रोध पुन्हा मोजूनच वीज द्यावी, आणि पहिल्यांदा शक्य तर जुन्या, कमी किमतीच्या मदरबोर्डावर. चित्र आले म्हणजे काम झाले असे मानू नये. जीपीयू-झेडमधील जोडणीच्या रकान्याशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून थोडा भार द्यावा, कारण रिकामे असताना कार्ड वेग कमी ठेवते. रुंदी मात्र कायम पूर्ण दिसली पाहिजे. नंतर अर्धा तास खऱ्या खेळाचा भार द्यावा आणि नव्या भागाजवळचे तापमान शेजाऱ्यांशी ताडून पाहावे.

ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचा उपाय अजूनही सुचवला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो की निखळलेल्या भागावर त्याचा काही उपयोग नाही, आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर व प्लास्टिकचे कनेक्टर त्यात खराब होतात. मुख्य चिपचा कोपरा उडाला असेल, किंवा १२ व्होल्ट तिच्यावर जाऊन तिचा रोध शून्य झाला असेल, तर कार्ड सुटे भाग मिळवण्यासाठी ठेवावे. त्यावर पैसे खर्च करू नयेत. स्वतः सोल्डरिंग करायचे नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना निखळलेला भाग चिकटपट्टीवर, रिकाम्या जागेचा जवळून काढलेला फोटो आणि १२ व्होल्टच्या मार्गाचे वाचन घेऊन जावे. एवढे हाती असले की तो तिथल्या तिथे काम होईल की नाही ते सांगू शकतो.

आणि सोनेरी पट्ट्या पुढच्या वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात, वरच्या कॅपॅसिटरच्या ओळीकडून खाली, पट्ट्यांच्या टोकाकडे. स्लॉटची खिट्टी बोट पोहोचत नसेल तर लाकडी आइस्क्रीमच्या काडीने दाबावी, आणि कार्ड सरळ वर उचलावे.